मांडवीच्या वखारीतला अख्खा नारळ

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत, पण मांडवीच्या वखारीची केस मात्र अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते. कोणी विचारलं की सांगतो, नाही विचारलं तरी सांगतो. बायको म्हणते, "झाली सुरुवात!" होऊ दे. चोर पकडणारे अधिकारी खात्यात पुष्कळ आहेत. मी त्या केसमध्ये एका सज्जन माणसाला चोर ठरण्यापासून वाचवलं, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. खोटा विनय मला जमत नाही.

तेव्हा मी रत्नागिरी शहरात पोलीस निरीक्षक होतो. मांडवीला समुद्राकडे उतरताना एक जुनी वखार लागते. जांभ्या चिऱ्याच्या हातभर जाड भिंती, वर कौलं, पुढे लांबलचक पडवी आणि बैलगाडी आत जाईल एवढा दरवाजा. मुंबईच्या बोटी बंदराला लागत त्या काळात नारळ, सुंभ, मीठ, कौलं असा सगळा माल इथे उतरायचा, इथेच तोलला जायचा आणि मग बाजारात जायचा. बोटी बंद झाल्या, व्यापारी पांगले आणि वखारीत वटवाघळांनी संसार थाटला. पुढे गावातल्या चार वजनदार मंडळींनी समिती स्थापन केली आणि वखार दुरुस्त करून लोकांना बघायला खुली करायचं ठरवलं.

वखारीत बघण्यासारखी मुख्य वस्तू म्हणजे बंदराचा काटा. आढ्याला टांगलेली, माणसाच्या उंचीहून लांब लोखंडी दांडी, दोन्ही टोकांना जाड साखळ्या आणि खाली दोन पितळी पारडी. एकेका पारड्यात माणूस मांडी घालून बसेल एवढी मोठी. दसऱ्याला या काट्याची पूजा व्हायची. "मांडवीच्या काट्यावर तोललंय" म्हटलं की पुढे कोणी वाद घालत नसे, असं जुने लोक सांगतात. उद्घाटन दोन आठवड्यांवर आलं, पाहुण्यांच्या गाड्यांचा बंदोबस्त मी आखत होतो, आणि सकाळी ठाण्यात फोन आला की काटा गेला.

गेलो. आढ्याला नुसता आकडा लोंबत होता. दाराचं कुलूप शाबूत, कोयंडा शाबूत, खिडक्यांचे गज शाबूत. किल्ली एकाच माणसाकडे, रखवालदाराकडे.

हा रखवालदार साठीचा. अलोऱ्याला कोयनेच्या वसाहतीत पंपावर नोकरी करून निवृत्त झालेला. मुलगी रत्नागिरीजवळ शाळेत शिक्षिका, म्हणून तिच्याकडे राहायला आला आणि घरी बसवेना म्हणून वखारीची राखण धरली. अंगात इस्त्रीचा शर्ट, बोलणं मोजकं. आम्ही पोचलो तेव्हा तो दाराशी सरळ उभा होता. मी विचारण्याआधीच किल्ली पुढे करून म्हणाला, "साहेब, कुलूप मीच लावलं होतं, मीच उघडलं. मधे किल्ली कोणाकडे गेली नाही. हे माझ्या विरोधात जातंय हे मला कळतंय. पण आहे ते असं आहे."

पोलिसाच्या नोकरीत इतकं सरळ बोलणारा माणूस भेटला की आधी संशय येतो. मलाही आला, का नाही येणार?

तेवढ्यात समितीचे अध्यक्ष आले. गावातलं मोठं प्रस्थ, पांढरीशुभ्र पँट, आवाज बंदरापर्यंत जाईल असा. आल्या आल्या पडवीतल्या सगळ्या लोकांसमोर त्यांनी रखवालदाराला झाडलं. "अरे, तुला पहिल्यापासून सांगत होतो, जाग्याच्या राखणदाराला नारळ ठेव म्हणून! ऐकलंस? आता बघ! साहेब, ह्याला घेऊन जा. किल्ली ह्याची, झोप ह्याची, काटा काय उडून गेला?"

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे प्रत्येक जागेला, वाडीला, नारळी-पोफळीच्या आगराला एक राखणदार असतो अशी श्रद्धा आहे. दिसत नाही, पण असतो. एखाद्या दगडाशी, झाडाशी त्याचं ठाणं. वर्षाला त्याला त्याची राखण द्यायची, म्हणजे नारळ किंवा कोंबडा, आणि एखादं काम करण्याआधी गाऱ्हाणं घालायचं. आपलं म्हणणं मोठ्याने त्याच्या कानावर घालायचं, आणि भोवतीच्या लोकांनी "व्हय म्हाराजा" म्हणून दुजोरा द्यायचा. माझे वडील गावी गाऱ्हाणं घालायचे. लहानपणी "व्हय म्हाराजा" म्हणून म्हणून माझा घसा बसलेला आहे.

रखवालदार अध्यक्षांना शांतपणे म्हणाला, "अध्यक्षसाहेब, आमच्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात हे नाही. नोकरी देताना मी तुम्हाला हे सांगितलं होतं. नारळ ठेवणार नाही, कामात कसूर करणार नाही, असं म्हणालो होतो."

"ऐकलंत? ऐकलंत साहेब, कसा बोलतोय तो?" अध्यक्ष माझ्याकडे वळले. लोकांतही कुजबुज झाली. मी सगळ्यांना पडवीच्या बाहेर काढलं आणि घटनास्थळाचा पंचनामा सुरू केला. पंचनामा करताना मला भोवती बाजार लागत नाही.

आमच्या ठाण्याच्या हवालदार बाई बरोबर होत्या. बाई संगमेश्वरकडच्या, तोंडाने फटकळ, नजरेने घार. वखारीच्या मागच्या बाजूला उंडीचं झाड आहे आणि त्याच्या बुंध्याशी, दगडी गडग्याला टेकून, एक काळा दगड. कोणी बघतही नाही असा. बाईंनी तिथून हाक मारली. "साहेब, हिकडं या जरा."

दगडापुढे एक नारळ ठेवला होता. शेंडीसकट, न फोडलेला. बाजूला पानाचा विडा, पान अजून हिरवं. आणि एक विडी, पेटवून ठेवून दिलेली, आपोआप जळत गेलेली.

"ताजं हाय," बाई म्हणाल्या.

मी अध्यक्षांना विचारलं. ते म्हणाले, समितीचा नारळ दसऱ्याला पुढच्या पायरीवर फुटतो. मागच्या दगडाचं त्यांना माहीतही नव्हतं. छपराच्या शाकारणीचं काम सुरू करताना दुरुस्तीच्या ठेकेदाराने नारळ फोडला होता, तोही पुढच्याच पायरीवर, सगळ्यांसमोर, आणि त्याचा प्रसाद स्वतः अध्यक्षांनीही खाल्ला होता.

मी नारळ, विडा आणि विडी पंचनाम्यात घेतली. शिपाई तोंड लपवून हसत होते. बाई हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि मी त्यांच्याकडे. आम्हा दोघांनाही एकच गोष्ट कळली होती. फोडलेला नारळ म्हणजे देणं तिथल्या तिथे दिलं. अख्खा नारळ म्हणजे मागणं घातलंय, काम व्हायचंय. कोणीतरी इथे उभं राहून राखणदाराला सांगितलं होतं की मला हे एवढं नीट पार पाडू दे, मग तुझं तुला देईन. आणि त्याच रात्री काटा गेला होता.

श्वानपथक आलं. कुत्रा मागच्या भिंतीपर्यंत गेला, जरा घुटमळला आणि समुद्राकडे तोंड करून बसला. ठसेवाल्यांना गवंड्यांचे, सुतारांचे, रंगाऱ्यांचे इतके ठसे मिळाले की त्यांनी हात टेकले. छप्पर दुरुस्तीसाठी मागच्या बाजूने अर्धं उघडं होतं आणि वर ताडपत्री होती. म्हणजे माल वरून दोरखंडाने निघाला असणार हे मला दिसत होतं, पण ताडपत्री व्यवस्थित बांधलेली होती आणि कौलं रोज हलत होती, त्यामुळे त्यावरून कोणाचं नाव निघेना. ठेकेदाराच्या सगळ्या मजुरांची चौकशी झाली. ठेकेदार स्वतः भला माणूस, गावातलाच, मांडवीत जन्मलेला. आमच्या शिपायांना चहा पाजायचा, गरम भजी मागवायचा. "साहेब, काय लागलं तर सांगा हां," हे त्याचं पालुपद.

दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या फोनवर निनावी खबर आली. ठाणे अंमलदाराने ती नोंदवली. त्या रात्री वखारीच्या दारात टेम्पो उभा होता आणि रखवालदार स्वतः त्यात सामान चढवत होता, इतकं सांगून फोन ठेवला. फोन बंदरावरच्या नाणं टाकायच्या फोनवरून आलेला. कोणी केला, कोणाला ठाऊक नाही.

झालं! अध्यक्षांना तेवढंच हवं होतं. आमच्या वरिष्ठांचाही फोन आला. "पाहुणे येणार आहेत. किल्ली त्याची, खबर त्याच्याविरुद्ध, तुम्ही वाट कसली बघताय? अटक दाखवा, कोठडीत बोलेल तो."

मी म्हटलं, "साहेब, खबर आधी तपासतो." खबर म्हणजे पुरावा नव्हे, हे मी प्रत्येक नव्या फौजदाराला शिकवत आलो. खबर कोण देतो, का देतो आणि आत्ताच का देतो, हे तीन प्रश्न आधी विचारावेत.

वखारीच्या समोरच कोळी मंडळी जाळी विणायला बसतात. त्या रात्री दोघेजण होडीवर जायचे म्हणून तिथेच होते. एक म्हातारा म्हणाला, "टेम्पो? कुठला टेम्पो? टेम्पो इलो असतो तर माझ्या पायावरूनच गेला असता. मी रस्त्यातच पसरलेलो." दुसऱ्याने तेच सांगितलं. दोघांचे जबाब वेगवेगळे घेतले, ते तंतोतंत जुळले. म्हणजे खबर खोटी होती, आणि कोणाला तरी रखवालदार आत जायला हवा होता.

वरिष्ठ तरी ऐकेनात. "नारळबिरळ काय लावलंय? त्यानेच ठेवला असेल, तुमची दिशाभूल करायला."

मी म्हणालो, "साहेब, त्या माणसाला नारळ ठेव नाहीतर नोकरी सोड, असं समितीने दोनदा सुनावलंय. तरी त्याने ठेवला नाही. नोकरीसाठी ज्याने नारळ ठेवला नाही तो चोरीसाठी ठेवेल?"

शेवटी म्हणाले, "बघा. पण माझ्याकडे वेळ नाही." म्हणजे जबाबदारी माझी. घेतली.

रखवालदाराला मी अटक केली नाही, पण चौकशीला बोलवावं लागायचं. तो रोज वेळेवर यायचा. बाकावर ताठ बसायचा. ठाण्यासमोरच्या चहाच्या टपरीवर लोक त्याच्याकडे बघून बोलत, तो मान वळवायचा नाही. एकदा जबाब संपल्यावर तो उठेना. मी विचारलं, "काका, काही सांगायचंय?"

"साहेब, एक विनंती आहे. मला सोडा असं मी म्हणत नाही. चोर शोधा एवढंच म्हणतो." मग म्हणाला, "माझ्या मुलीला परवा शाळेत एका पालकाने विचारलं, तुमच्या वडलांचं काय झालं हो बाई? सगळ्या वर्गासमोर. ती घरी येऊन काही बोलली नाही. जेवली पण नाही. मी जन्मभर पंपावर होतो, सरकारी मालातला साधा एक बोल्ट मी घरी नेलेला नाही. मला पुराव्याअभावी सुटका नको, साहेब. तसा सुटलो तर मरेपर्यंत लोक म्हणतील, केलंन असेल, सापडला नाही एवढंच. अशी सुटका म्हणजे शिक्षाच."

त्याचं बरोबर होतं. मी त्याला चहा सांगितला. त्याने अर्धा प्यायला आणि उठून ड्युटीवर गेला. हो, ड्युटीवर! आढ्याला काही नसलेली वखार तो रोज राखत होता. अध्यक्ष म्हणाले होते, उद्यापासून येऊ नकोस. हा म्हणाला, लेखी द्या. लेखी द्यायला कोणी तयार नव्हतं.

मी आणि हवालदार बाई बसलो. मी म्हटलं, "बाई, अख्खा नारळ ठेवणारा माणूस कसा असतो?"

"भित्रा," बाई म्हणाल्या. "म्हंजे पोलिसाला नाय भ्यायचा. राखणदाराला भितो."

"मग काम झाल्यावर तो काय करील?"

"देणं फेडायला येल. नाय आला तर त्याला झोप लागायची नाय. पोरगं तापलं तरी वाटेल राखणदारच मागतोय."

"कधी येईल?"

"अवसेला. भर दुपारचा. त्या टायमाला मागल्या बाजूला चिटपाखरू नसतं."

मीही हेच धरलं होतं. अवस चार दिवसांवर होती, उद्घाटन आठ दिवसांवर. वरिष्ठांना सांगितलं असतं तर त्यांनी मला वेड्यात काढलं असतं, म्हणून मी नोंदीत फक्त "घटनास्थळी गुप्त पाळत" एवढंच लिहिलं. दगडापुढचा नारळ पंचनाम्यानंतर मुद्देमालात होता, म्हणून त्याच बांध्याचा दुसरा बाजारातून आणून तिथे ठेवला. कोणाला काही हललेलं वाटू नये.

अवसेच्या दुपारी ऊन असं होतं की चिऱ्यातून वाफा निघत होत्या. शेजारच्या घराच्या मागच्या पडवीत मी आणि एक शिपाई, आगरात साध्या वेषात दुसरा शिपाई, आणि हवालदार बाई डोक्यावर टोपली घेऊन सुकी झावळं गोळा करत हिंडत होत्या. समुद्रावरचा वारा पडलेला. घामाने सदरा पाठीला चिकटला होता आणि शिपाई दर थोड्या वेळाने माझ्याकडे असा बघत होता, की साहेबांचं डोकं ठिकाणावर आहे ना?

बारा वाजून गेले आणि पाखाडीच्या पायऱ्यांनी एकजण उतरला. हातात कापडी पिशवी. पिशवी हलत होती आणि तिच्यातून कोंबडा ओरडत होता. माणूस उंडीखाली आला, इकडे तिकडे पाहिलं आणि चपला काढल्या. आमचा ठेकेदार.

मी उठून पुढे गेलो. मला पाहून त्याचा चेहरा क्षणभर पडला, पण लगेच हसला. गडी हुशार. "साहेब! तुम्ही इथे? मी आपली राखण द्यायला इलो. शाकारणीचं काम निर्विघ्न पार पडलं ना, म्हणून."

बघा, उत्तर अगदी पक्कं होतं. ठेकेदाराने कामाची राखण देणं यात गुन्हा कुठला? दुसरा कोणी अधिकारी त्याला जीपमध्ये घालून ठाण्यात घेऊन गेला असता, दोन थोबाडीत दिल्या असत्या, आणि त्याचा वकील दुसऱ्या दिवशी हसत हसत त्याला घेऊन गेला असता. मी आयुष्यात कोठडीतल्या माणसावर हात उचललेला नाही. मी बूट काढले. बाईंनी टोपली खाली ठेवून चपला काढल्या.

"उत्तम," मी म्हटलं. "मग घाल गाऱ्हाणं. आम्ही आहोत म्हणायला."

तो चपापला. "तुम्ही कशाला साहेब, मी आपला मनातल्या मनात..."

"गाऱ्हाणं मनातल्या मनात घालतात होय? कुठल्या गावचा तू? मोठ्याने घाल. काम कसलं, राखण कशाची, सगळं राखणदाराच्या कानावर घाल. आम्ही व्हय म्हाराजा म्हणतो."

त्याने कोंबडा बाहेर काढला. पाय बांधलेले. दगडासमोर उभा राहिला, हात जोडले आणि सुरुवात केली. "बा म्हाराजा, ह्या जाग्याच्या राखणदारा..."

"व्हय म्हाराजा," आम्ही.

"तुझ्या ह्या वखारीची शाकारणी तुझ्या लेकराने हातात घेतलीन..."

"व्हय म्हाराजा!"

"ती तू गोड करून घेतलीस..."

"व्हय म्हाराजा!"

"आता पुढचं सांग," मी हळूच म्हटलं. "सांग, की ह्या जाग्यातली कसलीही वस्तू मी नेलेली नाही. सांग, की दोष दुसऱ्याचा आहे, रखवालदाराचा आहे. राखणदाराला कळू दे ना."

त्याने तोंड उघडलं आणि शब्द बाहेर येईना. ओठ हलले, परत मिटले. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला तरी पुसायला हात उचलेना. कोंबडा त्याच्या हातात फडफडत होता. पोलिसाशी तो दहा वेळा खोटं बोलला असता, माझ्यासमोर बोललाही होता, पण त्या दगडासमोर त्याची जीभच वळेना. शेवटी तो मटकन खाली बसला आणि म्हणाला, "राखणदारासमोर नको, साहेब. तुमच्या ठाण्यात चला. मी सगळं सांगतो."

बाईंनी कोंबडा पकडला, नाहीतर तो आगरात गेला असता.

आता कायद्याचं सांगतो, कारण अर्ध्या लोकांना वाटतं इथे केस संपली. पोलिसासमोर दिलेली कबुली न्यायालयात धरत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पण आरोपीने दाखवलेल्या जागेवरून चोरीचा माल निघाला तर तो पुरावा होतो. म्हणून ठाण्यात दोन पंच बोलावले, त्यांच्यासमोर त्याचं निवेदन घेतलं. तो म्हणाला, माल मी दाखवतो. आम्ही निघालो. वेळणेश्वरच्या अलीकडे एका परगावच्या माणसाचा नवा बंगला चालला होता, त्याचंही काम याच ठेकेदाराकडे. त्या माणसाला दिवाणखान्यात टांगायला "काहीतरी जुनं, बंदराचं" हवं होतं. याने शाकारणीच्या कप्पी-दोरखंडानेच काटा छपरातून काढला, ताडपत्री परत बांधली आणि मागच्या अंगाला उभ्या केलेल्या ट्रकमध्ये वाळूखाली घालून नेला. रखवालदार त्या वेळी पुढच्या दाराशी जागा होता. त्या जाड भिंती आणि समुद्राची गाज, मागच्या छपराचा आवाज त्याच्या कानावर येणं शक्य नव्हतं.

बंगल्याच्या तळघरात गोणपाटाखाली दांडी आणि पारडी होती. मी गोणपाट ओढला आणि पितळ चमकलं तेव्हा, खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. हवालदार बाई म्हणाल्या, "हाय रे देवा, केवढी ही!" आणि पहिल्यांदा खुदकन हसल्या.

निनावी फोनही ठेकेदारानेच केला होता. मी विचारलं, "बाबा, ज्याच्याबरोबर रोज चहा प्यायचास त्यालाच अडकवलंस?" तो म्हणाला, "साहेब, लोक आधीच त्याच्यावर बोट ठेवत होते. मी आपलं त्यांचं म्हणणं पुढे रेटलं." हे ऐकून मला जेवढा राग आला तेवढा चोरीबद्दलही आला नव्हता.

एक अडचण राहिली. बाईंनी गंभीरपणे विचारलं, "साहेब, कोंबडा मुद्देमालात दाखवायचा काय?" मी म्हटलं, "दाखवलात तर निकाल लागेपर्यंत तुम्हीच पोसा." तो ठाण्याच्या आवारात बांधलेला, आणि ठेकेदाराचा जबाब चालू असताना नेमका मोठ्या वाक्याला आरवायचा. संध्याकाळी ठेकेदाराच्या बायकोला बोलावून सही घेऊन तो तिच्या ताब्यात दिला. ती बिचारी रडत रडत कोंबडा घेऊन गेली. तिचा काय दोष?

रखवालदाराला मी स्वतः सांगितलं. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं. मग जरासा हसला. "म्हणजे ज्या नारळावरून मी बोलणी खाल्ली, त्या नारळाने मला सोडवलं म्हणायचं?"

"तसंच म्हणायचं."

"नाही साहेब." त्याने मान हलवली. "नारळाने नाही. तुम्ही चौकशी नीट केलीत म्हणून सुटलो. नारळाला श्रेय देऊ नका." मला मिळालेल्या सगळ्या प्रशस्तिपत्रांत मी हे वाक्य वर ठेवतो.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष आंब्याची पेटी घेऊन ठाण्यात आले. रखवालदार तिथेच होता. "झालं गेलं विसर, माझं जरा चुकलंच," अध्यक्ष खालच्या आवाजात म्हणाले. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण मला नीट ऐकूही येईना.

रखवालदार उठून उभा राहिला. "अध्यक्षसाहेब, चोर म्हणालात ते पडवीत, चारचौघांसमोर. मग हे इथे का सांगताय? पेटी घेऊन जा."

अध्यक्षांचा चेहरा लाल झाला. मी मधे पडलो नाही. पण खरं ते सांगायला हवं. तीन दिवसांनी उद्घाटनाला, न्यायालयाच्या परवानगीने परत टांगलेल्या काट्याखाली उभं राहून, पाहुण्यांच्या आधी अध्यक्षांनी माइक घेतला आणि स्वच्छ आवाजात सांगितलं की मी ज्याला चोर म्हटलं तो माणूस चोर नाही, चूक माझी आहे, आणि मी त्याची सगळ्यांदेखत माफी मागतो. पहिल्या रांगेत त्याची मुलगी बसली होती. तिने डोळे पुसले नाहीत, वाहू दिले.

कार्यक्रम संपल्यावर रखवालदाराने किल्ल्यांचा जुडगा अध्यक्षांच्या हातात दिला. "मी उद्यापासून येणार नाही," तो म्हणाला. "आळ असताना सोडली असती तर पळाला म्हणाला असतात. आता सोडतो." अध्यक्षांनी हात धरून विनवलं. तो नम्रपणे नाही म्हणाला, मुलीबरोबर चालत गेला, आणि मी त्याला जाताना कडक सॅल्यूट ठोकला. नियमात बसतो की नाही, मी बघितलं नाही.

ठेकेदाराला शिक्षा झाली, त्याने ती भोगली. या केसने मला काय शिकवलं असं कोणी विचारलं तर सांगतो: माणूस काय करतो एवढंच बघू नका, तो काय केल्या करणार नाही तेही बघा. एकजण काही झालं तरी नारळ ठेवणार नव्हता आणि दुसरा ठेवल्याशिवाय राहणार नव्हता. तपासाला लागणारं बहुतेक सगळं त्यातच होतं. पुढच्या नोकरीत मी हे कधी विसरलो नाही.

मागच्या हिवाळ्यात बायकोला घेऊन वखार बघायला गेलो. आता तिथे तिकीट लागतं. पुण्या-मुंबईची मंडळी होती. एक कॉलेजातली चुणचुणीत मुलगी सगळ्यांना फिरवत होती. काटा दाखवला, मग मागे उंडीखाली नेलं आणि दगड दाखवत रंगवून सांगू लागली, की चोर कसा कोंबडा घेऊन आला आणि राखणदाराने त्याला कसं बोलतं केलं. लोक हसले, फोटो काढू लागले. "आणि तेव्हा इथे एक वॉचमन होता," ती म्हणाली, "सगळ्यांना आधी त्याचाच संशय होता."

एका बाईंनी विचारलं, "मग त्याचं काय झालं?"

"ते काही माहीत नाही हो," ती मुलगी म्हणाली.

बायकोने माझ्या दंडाला हात लावला, पण मी केव्हाच पुढे सरकलो होतो. "मला माहीत आहे," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. कुलूप, किल्ली, चहाची टपरी, त्याची शिक्षिका मुलगी, परत केलेली आंब्याची पेटी, सगळं. उन्हात उभे राहून लोकांनी ऐकलं. फोटो काढायचे थांबले.

या लेखात मी कोणाचंही नाव दिलेलं नाही. गुन्हा करणाऱ्यालाही मुलंबाळं असतात आणि त्यांना त्याच गावात राहायचं असतं. पण त्या दिवशी वखारीत मी त्या रखवालदाराचं नाव घेतलं. त्याचं, त्याच्या वडलांचं, आडनाव आणि गावही.

ती मुलगी ओशाळून म्हणाली, "काका, परत सांगाल का? मी उद्यापासून त्यांचं नाव सांगत जाईन."

मी परत सांगितलं. आधीपेक्षा मोठ्याने.